रातकिड्याच्या षड्जाला तानपुरा मिळवताना

रातकिडा एकच सूर लावतो, आणि तो सूर पेटीवरच्या कुठल्याच पट्टीत नेमका बसत नाही. छोट्या जिवांवरून हळुवार संगीत करायला बसलेले बहुतेक जण इथेच फसतात. आधी काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) बासरी वाजवून घेतात, मग कुठून तरी उतरवलेली रातकिड्यांची फाईल तिच्याखाली पसरतात, आणि दहा मिनिटं ऐकल्यावर डोकं का चढतंय ते कळत नाही. चढणारच. चार सप्तकं वर कुणीतरी सतत बेसूर षड्ज (सा) धरून बसलेलं असतं. म्हणून क्रम उलटा हवा: आधी किडा, मग तानपुरा, मग राग, आणि वाद्यं सगळ्यात शेवटी.

गाणारा फक्त नर असतो. त्याच्या एका पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला बारीक दात्यांची रांग असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावरून घासली की आवाज निघतो. पंख एकदा मिटले की एक ठोका. शेतातल्या काळ्या रातकिड्याचे असे तीन-चार ठोके लागोपाठ येतात आणि त्यांची एक ‘किर’ होते. मग छोटा खंड, मग पुन्हा किर. सूर साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध, म्हणजे एकाच कंप्रतेचा. याच शुद्धपणामुळे त्याला तानपुरा मिळवता येतो. टोळांचं आणि सिकाडाचं तसं नसतं. त्यांचा आवाज रुंद पट्ट्यात पसरलेला असतो, त्यातून षड्ज शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. ते पार्श्वभूमीला ठीक.

झुडपांवर बसणारे फिकट हिरवे वृक्ष-रातकिडे मिळाले तर आणखी चांगलं. त्यांचा सूर खालचा, ३ किलोहर्ट्झच्या आगेमागे, आणि किर तुटक नसून लांब चालणारी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किड्यांवर बरंच काम केलंय. यांतले काही नर पानाला भोक पाडतात, त्यात स्वतःला बसवून घेतात आणि त्या पानाच्या आधाराने आवाज मोठा करतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की असा नर पानाच्या दोन्ही अंगांना गातो, पानाच्या कडेच्या रेषेत मात्र आवाज पडतो. माइक पानाच्या समोर धरा, कडेला नको.

ध्वनिमुद्रणाला पावसाळ्याचा शेवट आणि त्यानंतरचे दोन महिने बरे. भर पावसात पानांवरच्या थेंबांचा आवाज नेमका त्याच उंच पट्ट्यात येतो आणि तो नंतर काढता येत नाही. वेळ शक्यतो मध्यरात्रीनंतरची, रस्ता शांत झाल्यावर. पावलाची धमक जमिनीतून पोचली की किडा गप्प होतो. त्याच्यामागे पळू नका. छोट्या तिपाईवर रेकॉर्डर ठेवा, तिपाईच्या पायांखाली स्पंजचे तुकडे घाला, किड्यापासून ३०-५० सेंटिमीटरवर माइक येईल असं बघा आणि सरळ दहा पावलं मागे या. पाच-सात मिनिटांत तो पुन्हा सुरू होतो. विजेरीला लाल जिलेटिन लावा. आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला, कोकणात तर नक्कीच. फुरसं, हा विषारी साप, पाचोळ्यात असतं आणि ते किड्यासारखं पावलाला घाबरून गप्प बसत नाही.

रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. पुढे आवाज खूप संथ करायचा असेल तर ९६ किलोहर्ट्झ. ऑटो लेव्हल बंद, नाहीतर खंडात पार्श्वभूमी वर येते आणि किर आली की दबते, सगळं हेलकावत राहतं. सर्वांत मोठा ठोका -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फोनवर करणार असाल तर वेव्ह साठवणारं ॲप वापरा आणि नॉइज सप्रेशन शोधून बंद करा. व्हॉइस मेसेजसाठीचं ध्वनिमुद्रण बोलण्याकरता बेतलेलं असतं. सतत चालणारा उंच सूर त्याला गोंगाट वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. प्रत्येक फाईलच्या नावात तापमान घाला. का, ते पुढे येतंच.

आता मोजणी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडा, स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेनुसार कंप्रता दाखवणारं चित्र) या, ४-५ हजारांजवळ ठिपक्यांची ओळ दिसेल. एका किड्याचा सलग दहा-वीस सेकंदांचा तुकडा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ करा, आकार ८१९२. इथे एक चूक हमखास होते. नेमकेपणाच्या हौसेने एकच ठोका निवडला जातो. पण ठोका जेमतेम १५-२० मिलिसेकंदांचा. एवढ्या छोट्या तुकड्यातून कंप्रता ५०-६० हर्ट्झपेक्षा बारीक कळूच शकत नाही, आणि ४५०० हर्ट्झजवळ ५० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ २० सेंट (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट). तुकडा लांब घेतला की शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी शिखरं दिसतात, ती ठोक्यांच्या लयीमुळे आलेली असतात. मधलं सर्वांत उंच शिखर आपलं.

समजा ते ४५६० हर्ट्झवर आलं. १६ ने भागा, म्हणजे चार सप्तकं खाली या: २८५. काळी एक २७७.१८ वर आहे, म्हणजे आपला किडा काळी एकच्या ४८ सेंट वर, काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मधोमध. याहून गैरसोयीची जागा नाही. इथून दोन वाटा फुटतात.

तंतुवाद्यं आणि गळा असेल तर किड्याला हात लावू नका, तानपुरा त्याच्यापाशी न्या. २८५ ला जोडीच्या (षड्जाला लावायच्या मधल्या दोन) तारा ताणायला जाल तर तार तुटेल. आणखी एक सप्तक खाली या, जोड १४२.५ ला आणि खरज (सर्वांत खालची तार) ७१.२५ ला. मर्दानी तानपुऱ्याला हे सहज झेपतं. खुंटीने काळी एकच्या किंचित वर आणा आणि शेवटचे दहा-बारा सेंट तारेत ओवलेल्या मण्याने. ट्यूनरवर आकडा जुळला म्हणून थांबू नका. हेडफोनवर किडा लावून जवारीच्या (घोडीवर तार घासून उठणाऱ्या झंकाराच्या) वरच्या स्वरांत तो मिसळतोय का ते ऐका. मिसळला की तो वेगळा ऐकूच येत नाही, नुसती तानपुऱ्याला धार आल्यासारखी वाटते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर फाइन ट्यूनचं बटण आहेच.

बासरी, पेटी किंवा जलतरंग असेल तर मात्र किड्यालाच खाली आणावं लागतं. बासरीवाला फुंकीने थोडंफार सावरेल, पण अख्खा आलाप पाव स्वर वर वाजवायचा म्हणजे छळ आहे. ‘चेंज स्पीड’मध्ये -२.७ टक्के करा, किडा ४४३५ वर येतो, म्हणजे थेट काळी एक. लय बदलू न देता फक्त सूर हलवणारा इफेक्ट इथे टाळा, त्याने ठोक्यांच्या कडा पुसट होतात. कोणताही किडा जवळच्या पट्टीपासून फार तर ५० सेंट लांब असतो, म्हणजे वेगात तीन टक्क्यांहून कमी फरक. कुणालाही कळत नाही.

तापमान यासाठी लिहून ठेवायचं: थंडी वाढली की किडे सावकाश गातात. अमेरिकेतल्या एमोस डॉलबेअर यांनी १८९७ साली याचं सूत्रच मांडलं. मिनिटाला जितक्या किरी, त्यातून ४० वजा करा, ४ ने भागा, ५० मिळवा, की फॅरनहाइट तापमान आलं. १२० किरी म्हणजे ७० अंश, आपले साधारण २१. आकडे त्यांच्याकडच्या किड्याचे आहेत, आपल्याकडच्या प्रत्येक जातीला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, तत्त्व मात्र तेच. वृक्ष-रातकिड्याचा तर थंडीत सूरही उतरतो. म्हणून संध्याकाळी आठची आणि पहाटे चारची फाईल एकावर एक ठेवली की दोन वेगळे षड्ज भांडायला लागतात. एका रचनेत एकाच तासातलं ध्वनिमुद्रण वापरा.

दोन किडे जवळजवळ असणं मात्र वाईट नाही. एक ४५६०, दुसरा ४५९०. वर ते नुसते दोन वेगळे किडे वाटतात. पण दोघांना १६ पट संथ केलं की सूर २८५ आणि २८७च्या जवळ येतात आणि सेकंदाला जेमतेम दोन अशी संथ डोल तयार होते, जोडीतली एक तार केसभर उतरलेली असावी तशी.

हे संथ करणं एकदा तरी करून बघाच. ‘चेंज स्पीड’मध्ये गुणक ०.०६२५. पंधरा मिलिसेकंदांचा ठोका पाव सेकंदाचा होतो, आणि आत काय चाललंय ते उघडं पडतं: सुरुवात मऊ, मग फुगवटा, आणि शेवटी सूर किंचित खाली घसरतो. चिमुकली मींडच, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं. या घसरणीवरून अख्ख्या रचनेची मींड ठरवता येते, आणि ती ठरवून बसवलेल्या मींडेपेक्षा बरी निघते. संथ करण्याआधी २ किलोहर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावा. तो लावायचा राहिला तर वाऱ्याची १०० हर्ट्झची घरघर सहा हर्ट्झवर येते. ती ऐकू येत नाही, पण स्पीकरचा पडदा पुढेमागे हलवत बसते आणि सगळा आवाज गढूळ होतो.

राग निवडताना वेळेच्या नियमाआधी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे रागात षड्जाचं स्थान काय. किडा अखंड ‘सा’ म्हणतोय. मारवा घ्याल तर मेलात, कारण मारव्याची सगळी गंमत षड्ज टाळण्यात, आणि इथे वरून कुणीतरी तो सतत बजावतोय. पूरियाचंही तेच. दुर्गा उत्तम. सा रे म प ध, सगळे शुद्ध, गंधार-निषाद नाहीत, वेळ रात्रीचीच. बागेश्री हवा असेल तर तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावा. मालकंसात पंचमच नाही, तिथेही मध्यमच. पण हळुवार म्हणून मालकंस घेणं मला पटत नाही, तो भारी राग आहे, किड्याच्या अंगावर पडतो.

किड्याला षड्जच मानायला हवं असंही नाही. त्याला पंचम माना: २८५ ला दीडने भागलं की १९० हर्ट्झ, काळी तीनच्या थोडं वर. बाईच्या गळ्याला ही पट्टी जास्त सोयीची, आणि पंचमाचा पहारा षड्जाइतका कडक वाटत नाही. अंगाईसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

लय किड्याकडूनच घ्या, पण त्याला मेट्रोनोमला बांधू नका. सेकंदाला दोन किरी असतील तर दोन किरींची एक मात्रा धरली की मिनिटाला ६० होतात, चार किरींची धरली की ३०. आलापाला दुसरी पुरे. हा नुसता अंदाज मनात ठेवायचा; किडा मध्येच थबकतो, दोन किरी गाळतो, आणि ते गाळणंच आपल्याला हवंय. सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर किरी ओढून सरळ केल्या की त्याच क्षणी ते घड्याळ होतं. तबला नको. ठेका हवाच असेल तर नुसता डग्गा, दादरा, आणि तो किड्याशी जुळवायचा प्रयत्नही करू नका.

आठ सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवणं हा या प्रकारातला सर्वांत मोठा आळस. कान खंड लक्षात ठेवतो, किर नाही. चौथ्या फेरीला ऐकणाऱ्याला नकळत तीच गाळलेली किर पुन्हा ऐकू येते आणि झोप येण्याऐवजी तो तिची वाट बघत बसतो. निदान तीन मिनिटांचा सलग भाग घ्या, जोड द्यायचीच तर लांब खंडात, ५०-१०० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक तुकडा विरत असताना दुसरा वर आणून).

सहा मिनिटांच्या रचनेचा एक साचा, दुर्गा धरून: पहिली चाळीस सेकंदं फक्त किडा. मग तानपुरा, वीस सेकंदांत हळूहळू वर येणारा, चार तारांचं एक आवर्तन पाच-सहा सेकंदांचं. सव्वा मिनिटाला पहिला स्वर, आणि तो षड्ज नको, तो दोघांनी आधीच धरलाय. मध्यम लावा, सोडून द्या, दहा-बारा सेकंद थांबा. मग ‘ध म रे, सा’, म वरून रे वर येताना किड्याच्या ठोक्यातली ती छोटी घसरण. दिलरुबा किंवा व्हायोलिन याला छान. संतूर असेल तर कलमांच्या टोकाला मऊ कापडाची पट्टी चिकटवा, नाहीतर संतूरचा टणत्कार नेमका किड्याच्या पट्ट्यात जाऊन दोघंही बोचरे होतात. तार षड्ज एकदाच, चौथ्या मिनिटाच्या आसपास. शेवटी आधी वाद्य थांबावं, मग तानपुरा. फुलपाखरू म्हटलं की बासरीवर मुरकी आणि वर विंड चाइम, हा जो सरधोपट मसाला आहे, त्यातलं इथे काहीही लागत नाही.

मिक्सिंगमध्ये किडा मुख्य वाद्याच्या १८ ते २४ डेसिबल खाली. माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सर्वांत तिखट असतो, म्हणून मीटरवर क्षुल्लक दिसणारा किडा ऐकायला मोठा वाटतो. त्याला इक्वलायझर लावण्यात अर्थ नाही. एकच कंप्रता आहे, ती कापली म्हणजे आवाज कमी केला, बस. रिव्हर्ब वाद्याला द्या, किड्याला अजिबात नको. लांब रिव्हर्बमध्ये खंड भरून जातात आणि उरते नुसती शिट्टी. त्याला मधोमध न ठेवता एका बाजूला तीस-चाळीस टक्के सरकवा. आवाजाची एकूण पातळी -१८ ते -२० एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) राहू द्या. -१४ पर्यंत ढकलण्यासाठी लिमिटर (मोठे आवाज दाबणारा इफेक्ट) लावला की तानपुऱ्याची शेपूट फुगते आणि हळुवारपणाची वाट लागते. १२८ केबीपीएसचा एमपी३ काढलात तर किरींना पाणचट फसफस येते. २५६ किंवा अधिक.

शेवटची तपासणी: किड्याचा ट्रॅक म्यूट करून ऐका. वय वाढलेल्या बऱ्याच जणांना ४ किलोहर्ट्झच्या वरचं नीट ऐकू येत नाही. आजीसाठी केलेली रचना आजीला फक्त तानपुरा म्हणून पोचणार असेल तर संथ केलेल्या किड्याचा २८५ हर्ट्झचा ट्रॅक अगदी बारीक खाली ठेवा. किडा निदान त्याच्यातून ऐकू येतो.

मधमाशीचं गणित वेगळं, कारण तिला खाली आणावंच लागत नाही. युरोपीय मधमाशीचे पंख सेकंदाला साधारण २३० ते २५० वेळा हलतात, म्हणजे काळी पाच ते पांढरी सातच्या टप्प्यात, थेट गळ्याच्या सप्तकात. आपली सातेरी मधमाशी लहान, तिची पट्टी मोजूनच घ्या. मधपेटीतल्या वसाहतीची गुणगुण तानपुऱ्याऐवजी वापरता येते. महाबळेश्वरजवळच्या मांघरला, २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेल्या गावात, किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही मधपाळाकडे विचारून मधपेटीच्या लाकडी भिंतीला बाहेरून २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनं पकडणारा चपटा माइक) टेपने चिकटवा. चकती साध्या माइक इनपुटला जोडली तर खर्ज गायब होतो आणि पत्र्यासारखा आवाज येतो. तिला १ मेगाओहमचं, गिटारसाठी असतं ते हाय-झेड इनपुट लागतं. वायर शील्डेड आणि दोन मीटरच्या आत, नाहीतर विजेची घुंई मधमाशीपेक्षा मोठी. आग्या मोहोळापाशी यातलं काहीही करायचं नाही, लांबच्या माइकनेही नाही.

काजवा गातच नाही, म्हणून तिथे सूर आपला आणि लय त्याची. मेअखेरीपासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात ते दिसतात. तिपाईवर फोन ठेवून एकाच झाडाचा व्हिडिओ घ्या, सेकंदाला ३० फ्रेम. एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवत एका ठिपक्याच्या लुकलुकीच्या वेळा लिहून काढा, आणि त्या वेळांवर जलतरंगाचा किंवा छोट्या घंटेचा एकेक स्वर बसवा. सगळं झाड एका लयीत आलेलं असेल तर प्रत्येक काजव्याला वेगळा स्वर देऊ नका, त्याचा गजर होतो. संपूर्ण झाडाला मिळून एकच स्वर आणि मधल्या भरकटलेल्या एकट्या ठिपक्यांना दुसरा. झाडाखाली शिरू नका, काही जातींच्या माद्या जमिनीलगत असतात आणि पावलाखाली येतात. फ्लॅश मारला की लुकलुकीची लय विस्कटते, म्हणजे ज्यासाठी गेलात तेच हातचं जातं.